गोळी बंद करू नका, वजनकाटा मात्र उचलून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, सात महिन्यांपूर्वी सिझेरियन, पहिली मुलगी. दिवस जाण्याआधी वजन ५९ किलो होतं, प्रसूतीच्या आठवड्यात ७३, आता ७०. पाच आठवड्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी प्रसूतीनंतरचं नैराश्य आहे असं सांगून सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅम सुरू केलंय. मुलगी अंगावर पिते, वरचं खाणंही सुरू झालंय. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी असतो. घरात सासूबाई आहेत. सोळा तासांचा उपास दोनदा करून पाहिला, चक्कर आली म्हणून सोडला. विचारलंय ते असं: दोन महिन्यांनी दिराचं लग्न आहे, तोवर दहा किलो उतरवायला काय खाऊ, आणि या गोळीने वजन वाढतं म्हणतात तर ती बंद करू का?

मी सत्तावीस वर्षं साताऱ्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. आहाराचा प्रश्न आणि गोळीचा प्रश्न यांच्या मधे तुम्ही लिहून गेलात, "कधी कधी वाटतं मी नसते तर सगळ्यांनाच सोपं झालं असतं." लगेच पुढच्या ओळीत पुन्हा पोटाच्या घेराबद्दल लिहिलंय.

हे वाक्य तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना माहीत आहे का? नसेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, उद्या सकाळी फोन करून याच शब्दांत सांगा. बाळंतिणीच्या नैराश्याची चाचपणी करायला आम्ही एडिनबर्गची दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरतो, १९८७ पासून ती जगभर वापरात आहे. तिचा शेवटचा प्रश्न याच विचाराबद्दल आहे. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर बाकीच्या नऊ प्रश्नांचे गुण कितीही कमी असोत, आम्ही त्या बाईशी त्याच दिवशी बोलतो. असा विचार येणं हे आजाराचं लक्षण आहे, जसा टाक्यांतून पू येणं हे जंतुसंसर्गाचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते अंगावर काढण्यासारखंही नाही. कधी तो विचार 'कसं करायचं' इथपर्यंत आला, किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, कुणी नसताना आवाज ऐकू आले, बाळ शांत झोपलेलं असतानाही रात्र-रात्र डोळा लागेना, तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा, एकटं राहू नका आणि थेट दवाखाना गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा. सासूबाईंच्या फोनमध्येही.

आता गोळीचं. बंद करू नका.

स्तनपान करणाऱ्या आईला नैराश्यावरचं औषध द्यायचं ठरलं की पहिल्या पसंतीला जी नावं येतात त्यात सर्ट्रालीन आहे, कारण ती दुधात फार थोडी उतरते. वजनाच्या बाबतीतही ती सौम्य आहे. सुरुवातीला कुणाला मळमळतं, पोट बिघडतं. बरेच महिने घेतल्यावर काहींचं एखाद-दोन किलो वाढतं, बऱ्याच जणींचं वाढत नाही. वजन ठळकपणे वाढवणारी औषधं वेगळी आहेत. मिर्टाझापीन, ओलान्झापीन, क्वेटियापीन ही त्यातली काही, आणि गरज असते तेव्हा तीही द्यावी लागतात. तुमची गोळी त्यात नाही. तुम्हीच लिहिलंय की गेल्या दहा दिवसांत न्हाणीघरात नळ सोडून रडणं कमी झालंय. या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे ती आत्ता कुठे लागू पडायला लागलीय. मध्येच सोडलीत तर चक्कर, बेचैनी, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, आणि वर आजार उलटण्याची भीती. बरं वाटायला लागल्यावरही ती साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवतात आणि मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात. वजनाची धास्ती वाटते हे त्यांना मोकळेपणाने सांगा. तो प्रश्न त्यांच्यासाठी नवा नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात मला सापडली नाही: थायरॉइड. गरोदरपणात तपासला होता, नॉर्मल होता, एवढंच आहे. ते पुरत नाही. प्रसूतीनंतर वर्षभरात काही बायकांच्या थायरॉइडला सूज येते. आधी एक ते चार महिन्यांच्या सुमारास तो जास्त काम करतो, मग साधारण चार ते आठ महिन्यांत मंदावतो. तुम्ही सातव्या महिन्यात आहात. मंदावलेल्या थायरॉइडची लक्षणं काढून बघा: थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठ, वजन न हलणं, मन उदास. यातली चार तुम्ही स्वतःहून लिहिली आहेत. याने नैराश्याचं निदान खोटं ठरत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. पण थायरॉइड मंद असेल तर तुम्ही जेवण अर्ध्यावर आणा नाहीतर दोन तास चाला, हाती निराशाच येईल आणि तिचा दोष तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घ्याल. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. त्याबरोबर हिमोग्लोबिन आणि, शाकाहारी आहात म्हणून, बी-१२. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. सिझेरियनमध्ये रक्त गेलेलं, वर सात महिने पाजणं. तुमचं हिमोग्लोबिन आज किती आहे हे कुणालाच माहीत नाही, आणि त्यावर सोळा तासांचा उपास. चक्कर येणारच होती.

दहा किलो दोन महिन्यांत? नाही होणार. मी सांगितलेल्या आहाराने तरी नाही, आणि ज्याने होईल तो मी सांगणार नाही. पाजणाऱ्या आईने आठवड्याला अर्धा किलो कमी केलं तर दुधाला धक्का लागत नाही, त्यापुढे मी जाऊ देत नाही. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर लग्नापर्यंत तीन-चार किलो. तुमची आत्ताची झोप आणि मनःस्थिती बघता मी तेही लक्ष्य म्हणून तुमच्यासमोर ठेवत नाही. दोन महिने वजनकाटा माळ्यावर टाका. लग्नासाठी आत्ताच्या मापाचा नवा ब्लाउज शिवायला द्या आणि शिंप्याला आत भरपूर माया ठेवायला सांगा, कारण पाजत असताना छातीचं माप सारखं बदलतं. जुना ब्लाउज अंगात शिरतोय का हे रोज बघणं बंद करा. तुम्ही लिहिलंय की सकाळी काट्यावर आकडा हलला नाही की तो दिवस जातोच. तुमचा दिवस एका आकड्याच्या ताब्यात गेलाय, तो आधी सोडवायला हवा.

असं ठामपणे म्हणायला माझ्यापाशी कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी एक बाळंतीण चौथ्या महिन्यात माझ्याकडे आली. वजन कमी करायचंय म्हणाली. मी छापील आहारतक्ता हातात दिला: तूप बंद, साखर बंद, रात्री एकच भाकरी. अडीच महिन्यांनी आली ती अकरा किलोंनी उतरलेली. बाहेर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." ती हसली नाही. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, त्या कोपरापर्यंत सरकत होत्या म्हणून तिने त्यांना दोरा गुंडाळला होता. बाळ तिच्या आईच्या मांडीवर होतं. ते रडायला लागलं तेव्हा हिने मान वळवूनही पाहिलं नाही. आई म्हणाली, "बाई, ही जेवतच नाही. ताट समोर ठेवलं की नुसती बघत बसते." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला तीव्र नैराश्य होतं आणि मी त्याचं कौतुक करून मोकळी झाले होते. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बरी व्हायला आठ महिने लागले, आणि त्या काळात तिचं सहा किलो वजन परत आलं. ते सहा किलो बघून मला झालेला आनंद अजून आठवतो. तेव्हापासून कुठल्याही बाळंतिणीला 'बारीक झालीस' म्हणायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते: झोप कशी आहे, भूक लागते का, बाळाकडे बघून काय वाटतं.

तुमच्या बाबतीत भुकेचं उलट झालंय. रात्री दोनला मुलीला पाजून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन, दिवा न लावता, फ्रीजच्या उजेडात उभ्या-उभ्या अर्धा पुडा ग्लुकोजची बिस्किटं आणि दोन डिंकाचे लाडू संपवता, आणि मग त्याची शरम वाटून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत फक्त चहावर राहता. याला तुम्ही 'माझा ताबा राहिला नाही' म्हणता. मी याला भूक म्हणते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशींनुसार पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षा ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२० कॅलरी जास्त लागतात. तुमचं शरीर दूध बनवतंय, दिवसभर त्याला चहा मिळतो, आणि रात्री ते वसूल करतं. त्यात झोप तुटलेली. झोप कमी पडली की भूक वाढते आणि जीव नेमका गोडाकडेच ओढतो, हे कुठल्याही बाईला होतं.

म्हणून पहिलं औषध झोप. सलग चार-पाच तास. सात महिन्यांत तुम्हाला एकदाही सलग चार तास मिळालेले नाहीत, हे तुमच्याच पत्रावरून मी मोजलं. व्यवस्था अशी करता येईल. रात्री साडेआठला मुलीला पाजा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून झोपा, फोन बाहेर ठेवून. साडेबारापर्यंत मुलगी सासूबाईंकडे. उठलीच तर आधी काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं. काढलेलं दूध फ्रीजमध्ये २४ तास चालतं. ते गॅसवर उकळायचं नाही, वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायचं. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री पूर्ण नवऱ्याकडे, तुम्ही फक्त पाजायला उठायचं, ढेकर, लंगोट, झोपवणं त्याचं. तो आठवडाभर दमून येतो हे मला मान्य आहे. तुम्ही सात महिने दमलेल्या आहात.

खाण्याबद्दल फार सांगायचं नाहीये. उठल्यावर तासाभरात पोटात काहीतरी जायला हवं आणि त्यात डाळ, मूग, दूध-दही, दाणे यातलं एक असायला हवं. मुगाचं धिरडं, नाचणीची अंबील आणि मूठभर दाणे, थालीपीठ-दही, काहीही. दुपारी भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. संध्याकाळी पाचला काहीतरी खाच, कारण रात्रीची ओढ तिथेच अर्धी होते. आणि रात्रीची सोय उघडपणे करा: पाजायच्या जागेशेजारी एका डब्यात फुटाणे-गूळ किंवा एक केळं, आणि पाण्याचा तांब्या. भूक लागली तर बसून, दिवा लावून खा. लपून खाल्लेलं पोटात जातं पण मनाला पुरत नाही, मग पुन्हा खावंसं वाटतं. पहिले काही आठवडे एवढंच. कॅलरी मोजायचं कुठलंही ॲप फोनमध्ये ठेवू नका.

लाडवांचं काय? डिंक, खारीक, खोबरं, तूप हे बाळंतिणीच्या पहिल्या सव्वा महिन्यासाठी आहे. सातव्या महिन्यात ते औषध राहत नाही, खाऊ होतो. मध्यम आकाराच्या एका लाडवात दोनशेच्या वर कॅलरी असतात. बंद करू नका, बंद केलेलीच वस्तू रात्री दोनला हाक मारते. सकाळच्या न्याहारीबरोबर एक. सासूबाई प्रेमाने वळतात तर त्यांना सांगा की आता अळिवाची खीर करा, त्यात लोह असतं आणि तुम्हाला ते हवंय.

व्यायाम मी वजनासाठी सांगत नाही, मनासाठी सांगते. सकाळच्या उन्हात घराबाहेर दहा मिनिटं. मुलीला कडेवर किंवा गाडीत घेऊन, किंवा एकटीने, तुम्हाला ज्याने मोकळं वाटेल तसं. चालण्याने सौम्य आणि मध्यम नैराश्यात खरोखर फरक पडतो, पण ते शिक्षा म्हणून केलं तर आठवड्यात सुटतं. जमलं तर महिन्याभराने वीस मिनिटं करा. ज्या दिवशी अंगात उठायचंही बळ नसेल त्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसा, तेवढंही चालतं.

पोटाबद्दल एक तपासणी घरी करता येते. उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं आडवी ठेवून दाबून बघा. दोन बोटांहून जास्त खाच लागली तर पोटाचे स्नायू मधून फाकलेले आहेत. तसं असेल तर, किंवा शिंकताना-हसताना लघवीचा थेंब जात असेल तर, रीलवर बघून उठाबशा, प्लँक काही करू नका. त्याने ते वाढू शकतं. प्रसूतीनंतरचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टना एकदा दाखवा, चार-सहा भेटींत बरंच सुधारतं. पट्ट्याने पोटाला आधार मिळतो, चरबी जात नाही. पोट बांधलं नाही म्हणून सुटलं असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. नऊ महिने ताणलेली त्वचा आणि स्नायू सात महिन्यांत पूर्ववत व्हावेत ही अपेक्षाच चुकीची आहे.

सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं. त्याला बाळंतरोग म्हणायचे आणि कोपऱ्यातल्या खोलीत ठेवायचे. गोव्यात एका जिल्हा रुग्णालयातल्या बायकांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के जणींना नैराश्य होतं. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी होणं ही त्यातली ठळक कारणं निघाली. देशभरातल्या अभ्यासांचा २०१७चा एकत्रित आढावाही २२ टक्क्यांवर आला. पण सासूबाईंच्या म्हणण्यात एक खरं आहे, ते त्यांनाच विचारा: त्यांच्या बाळंतपणात माहेरी किती दिवस होत्या, घरात हाताखाली किती बायका होत्या, रात्री बाळ कोण घ्यायचं? तुम्ही विसाव्या दिवशी सासरी आलात आणि दुसऱ्या महिन्यापासून दोन वेळचा स्वयंपाक करताय. हे भांडण म्हणून नको, त्यांच्याजवळ बसून विचारा. माझ्या दवाखान्यात पुष्कळ सासवा या प्रश्नावर गप्प होऊन मग स्वतःचं बाळंतपण सांगायला लागल्या आहेत, आणि त्यानंतर सुनेचं बाळ रात्री त्यांनी घेतलंय. जमलं तर पुढच्या भेटीला त्यांना किंवा नवऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत न्या. आजार आहे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातलं बोलणं बदलतं.

लग्नात कुणीतरी म्हणणारच, "अगं, अजून पोट तसंच?" तेव्हा उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मुलीला पुढे करा आणि विषय तिच्याकडे वळवा, नवऱ्यालाही आधीच सांगून ठेवा की अशा वेळी त्याने तोंड उघडायचं.

वजनाकडे आपण कधी वळायचं? टीएसएचचा रिपोर्ट हातात असेल आणि लागलं तर उपचार सुरू असतील, आठवड्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री सलग चार तास झोप मिळत असेल, आणि ते 'मी नसते तर' वाक्य निदान महिनाभर मनात आलेलं नसेल, तेव्हा. मुलगी तोवर वर्षाची होत आली असेल, तिचं पाजणं कमी झालेलं असेल, आणि तेव्हा जेवणातून दोनशे-तीनशे कॅलरी कमी केल्या तरी कुणाचं नुकसान होणार नाही. गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडच्या ज्या बायकांनी या क्रमाने केलं त्यांतल्या बहुतेकींचं वजन दीड-दोन वर्षांत बरंचसं उतरलं. काहींचं दोन-चार किलो जास्त राहिलं आणि त्या त्यासकट ठणठणीत आहेत.

या आठवड्यात तीनच कामं: मानसोपचारतज्ज्ञांना फोन, साडेआठला झोपण्याची व्यवस्था, आणि रक्ततपासणी. मी सांगितलेल्या तिन्ही तपासण्यांना उपाशीपोटी जायची गरज नसते. सकाळी नीट खाऊन जा.